अरण्याचा शब्दकोशकार : मारुती चितमपल्ली

मराठी साहित्यात अरण्य आणि वन्यजीव हा लेखनाचा स्वतंत्र प्रांत म्हणून उभा करणाऱ्या मोजक्या लेखकांत मारुती चितमपल्ली यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. व्यवसायाने वनाधिकारी, वृत्तीने पक्षिनिरीक्षक आणि अभ्यासाने संस्कृतज्ञ व कोशकार अशा तिहेरी भूमिका त्यांनी जन्मभर सांभाळल्या. सोलापूर येथे २००६ साली भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. साहित्यसेवेबद्दल २०२५ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर केली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापूर येथे, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

प्राण्यांवर प्रेम करणारे लेखक पुष्कळ असतात. चितमपल्ली यांचे वेगळेपण असे, की त्यांच्या प्रेमाची पहिली पायरी नेहमी त्या जिवाचे नाव ही असे. पाखराला गोंड काय म्हणतो, ढीवर काय म्हणतो, संस्कृत ग्रंथकाराने त्याला काय म्हटले आहे आणि आधुनिक पक्षिशास्त्र त्याला कोणत्या कुळात ठेवते, हे चारही धागे जुळल्याशिवाय तो पक्षी आपल्याला कळला असे ते मानीत नसत. त्यांच्या ललित लेखनामागे आणि कोशकार्यामागेही हीच दृष्टी आहे.

तेलुगू घर, मराठी लेखणी

मारुती भुजंगराव चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापूर येथे झाला. हातमाग आणि कापडगिरण्यांच्या या शहरात तेलुगू भाषकांची मोठी वस्ती पूर्वीपासून आहे. चितमपल्ली यांची मातृभाषाही तेलुगूच. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि आसपास कानडी व उर्दू अशा बहुभाषिक वातावरणात त्यांचे बालपण गेले. एकाच वस्तूला अनेक नावे असतात आणि त्यांतील प्रत्येक नाव काहीतरी निराळे सांगते, हा संस्कार त्यांच्यावर येथेच झाला असावा. अरण्याची आणि पाखरांची पहिली ओळख घरच्या माणसांकडून व मामांकडून झाली, हे त्यांच्या आत्मचरित्रातून वाचकांना परिचित आहे.

सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी कोईमतूर येथील वन महाविद्यालयात प्रशिक्षण घेतले आणि ते महाराष्ट्राच्या वनखात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. पुढील काळात त्यांनी संस्कृतचा अभ्यास महाविद्यालयीन पद्धतीने न करता जुन्या परंपरेतील शास्त्र्यांपुढे बसून केला. नोकरीनिमित्त जेथे बदली होईल तेथील पंडितांचा शोध घ्यावा आणि त्यांच्याकडे पाठ घ्यावा, असा त्यांचा क्रम होता. जर्मन व रशियन या भाषांचाही त्यांनी परिचय करून घेतला. वनाधिकाऱ्याला या भाषांचा काय उपयोग, असा प्रश्न त्या काळी कोणालाही पडला असता. त्याचे उत्तर पुढे त्यांच्या ग्रंथांनी दिले.

घनफुटांच्या काळातील वनाधिकारी

चितमपल्ली खात्यात आले तो काळ लक्षात घेतला पाहिजे. तेव्हा अरण्य हे प्रामुख्याने महसुलाचे साधन होते. कूप पाडणे, इमारती लाकडाचे घनफूट मोजणे, तेंदूपानांचे लिलाव करणे आणि सागाची लागवड वाढविणे ही वनाधिकाऱ्याची मुख्य कामे. शिकारीसाठी परवाने दिले जात. वन्यजीव संरक्षण कायदा झाला तो १९७२ साली आणि व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात झाली १९७३ साली. म्हणजे त्यांच्या सेवेची सुरुवातीची वर्षे अशा व्यवस्थेत गेली, जिच्या हिशेबवहीत सागाला रकाना होता, रातव्याला नव्हता.

या व्यवस्थेत राहूनच त्यांनी आपली वाट शोधली. रायगड जिल्ह्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्य, पूर्व विदर्भातील नवेगाव राष्ट्रीय उद्यान व नागझिरा अभयारण्य आणि सातपुड्यातील मेळघाट व्याघ्र प्रकल्प या चारही ठिकाणांच्या विकासात त्यांचा वाटा होता. १९९० साली ते सेवानिवृत्त झाले. राज्याच्या वन्यजीव सल्लागार समितीवरही त्यांनी काम केले.

अधिकारी म्हणून फिरताना त्यांनी नोंदवह्या ठेवल्या. पाणवठ्यावर कोण केव्हा येते, घरटे कोणत्या झाडावर आणि किती उंचीवर आहे, विणीचा हंगाम कधी सुरू होतो, पिले केव्हा उडतात, अशा तपशिलांनी त्या भरत गेल्या. त्यांच्या लेखनात जो अचूकपणा जाणवतो, त्याचे मूळ या सरकारी भटकंतीत आहे. गणवेशामुळे अरण्याची दारे उघडली खरी, पण अरण्यातील माणसांची मने उघडण्यासाठी तो बाजूला ठेवावा लागतो, हे त्यांना लवकर उमगले.

नवेगावबांध : तलावाची शाळा

शहरी वाचकाच्या मनातील विदर्भ बहुधा वर्धा जिल्ह्यापाशी थांबतो. सेवाग्राम, धाम नदीकाठचे पवनार व तेथील विनोबांचा परमधाम आश्रम आणि भोवतालची कापसाची काळी शिवारे, एवढी त्याची ओळख. पवनारहून पूर्वेकडे नागपूर ओलांडून भंडारा-गोंदियाच्या दिशेने निघाले, की कापूस मागे पडतो आणि धानाची बांधणी व तलाव सुरू होतात. या झाडीपट्टीत प्रत्येक गावाला आपला तलाव किंवा बोडी असते. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या या तलावांना आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असे म्हणतात. या तलावांच्या प्रदेशाला मराठी ललित साहित्यात आणण्याचे श्रेय फार मोठ्या प्रमाणात चितमपल्ली यांना जाते.

नवेगावबांधचा तलाव या साऱ्यांत मोठा. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असे परंपरा सांगते. डोंगरांनी वेढलेल्या या पाण्यावर हिवाळ्यात उत्तरेकडून बदके व हंस उतरतात. भोवतालच्या अरण्याला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. चितमपल्ली यांच्या आयुष्यातील सर्वांत सुपीक काळ येथे गेला. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक त्या काळाचीच नोंद आहे.

येथे त्यांना गुरू भेटले ते विद्यापीठातील नव्हेत. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासोबत त्यांनी तलाव व रान पालथे घातले. गोंडांकडून ते झाडांची नावे व उपयोग शिकले, ढिवरांकडून माशांच्या जाती आणि पाण्याच्या खोड्या शिकले, पारध्यांकडून पाखरांचे आवाज व त्यांच्या सवयी शिकले. ज्याच्या हाती फासे आहेत त्याला तितराचे जेवढे कळते तेवढे दुर्बीणवाल्याला कळत नाही, हे सत्य स्वीकारण्यास मोठेपणा लागतो. वनखाते आणि पारधी हे एरवी कायद्याच्या दोन टोकांना उभे असलेले घटक. चितमपल्ली यांच्या लेखनात मात्र पारधी हा आरोपी म्हणून येत नाही, जाणकार म्हणून येतो.

या प्रदेशाचे महत्त्व पुढील काळातही कमी झाले नाही. नवेगाव व नागझिरा ही क्षेत्रे जोडून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्यात आला. महाराष्ट्रात सारस पक्ष्यांचा मुख्य आसरा आज गोंदिया जिल्हा व त्यालगतचा पट्टाच आहे. सारसाचे घरटे धानाच्या बांधीत असते, म्हणजे त्याचे जगणे शेतकऱ्याच्या हाती असते. तलाव, धान, माणूस आणि पाखरू यांचा हा जो परस्परसंबंध संवर्धनाच्या कार्यकर्त्यांना आज सांगावा लागतो, तो चितमपल्ली यांच्या लेखांत कित्येक वर्षांपूर्वी येऊन गेला आहे.

ललित लेखन

‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’, ‘शब्दांचं धन’, ‘घरट्यापलीकडे’, ‘पाखरमाया’, ‘निसर्गवाचन’, ‘सुवर्णगरुड’, ‘चैत्रपालवी’, ‘केशराचा पाऊस’ ही त्यांच्या ललित ग्रंथांची काही नावे. शालेय पाठ्यपुस्तकांमुळे त्यांचे लेखन ग्रामीण व शहरी अशा दोन्ही भागांतील मुलांपर्यंत पोहोचले.

मराठीत निसर्गलेखनाची परंपरा त्यांच्या आधीही होती. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) बारा महिन्यांच्या निसर्गाला ललित गद्याचे रूप दिले होते. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या अरण्यात राहून त्याच नावाचे पुस्तक लिहिले आणि वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ (१९८२) ही लघुकादंबरी लिहिली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुर्गाबाई निसर्गाकडे आल्या त्या विदुषी म्हणून, माडगूळकर आले ते कथाकार आणि चित्रकार म्हणून. चितमपल्ली अरण्यातच नोकरीला होते. पाहुणा म्हणून आलेल्याला जे दृश्य वाटते, ते तेथे राहणाऱ्याला घडामोड वाटते. त्यांच्या लेखांत म्हणूनच निसर्गाची नुसती वर्णने कमी आणि घटना अधिक आढळतात. पाणी आटले म्हणून कोण कोठे गेले, मोह फुलला तेव्हा अस्वल कोणत्या वाटेने आले, तलावाचा बांध फुटण्याची चिन्हे कोणी आधी ओळखली, अशा गोष्टी ते संथ लयीत सांगतात.

‘रातवा’ या पुस्तकाचे नावच पाहण्यासारखे आहे. रातवा हा निशाचर पक्षी दिवसा पालापाचोळ्यात असा मिसळून बसतो की पाऊल पडेपर्यंत दिसत नाही. तो घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. शहरातल्या माणसाला तो दिसलाच तर मोटारीच्या उजेडात चमकणाऱ्या दोन डोळ्यांच्या रूपाने. वाघ-बिबट्यांच्या गोष्टींना हमखास वाचक असताना अशा न दिसणाऱ्या पाखराला पुस्तकाचे शीर्षकपद देणे, यातच लेखकाची आवड स्पष्ट होते.

‘चकवाचांदण : एक वनोपनिषद’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठी आत्मचरित्रांत वेगळे ठरते. त्यात लेखकाच्या यशापयशाचा हिशेब गौण आहे. भेटलेली माणसे, झाडे, ग्रंथ आणि जनावरे यांनीच ते व्यापले आहे. ‘उपनिषद’ या शब्दाचा मूळ अर्थ गुरूजवळ बसणे असा सांगतात. त्या अर्थाने हे पुस्तक अरण्याजवळ बसलेल्या शिष्याचे आहे.

शब्दांची वेचणी

चितमपल्ली यांचे सर्वांत चिरस्थायी काम कोणते, असा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा ‘पक्षिकोश’ हेच येईल. नागपूरच्या साहित्य प्रसार केंद्राने प्रकाशित केलेल्या या कोशात पक्ष्याचे प्रमाण मराठी नाव, निरनिराळ्या भागांतील बोलीनावे, संस्कृत व अन्य भारतीय भाषांतील नावे आणि शास्त्रीय माहिती एकत्र आणण्याचा प्रयत्न आहे. प्राणी, वृक्ष व मत्स्य यांच्या कोशांचेही काम त्यांनी हाती घेतले. ज्या वयात बहुतेक लेखक संग्रहांच्या आवृत्त्या पाहतात, त्या वयात ते नोंदींच्या चिठ्ठ्या लावीत बसले होते.

या कामाची गरज समजण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. नीळकंठ या पक्ष्याला मराठीत नीलपंख म्हणतात, चास म्हणतात, तासही म्हणतात. संस्कृतातील ‘चाष’ हा शब्द ‘चास’मध्ये जिवंत राहिला आहे. बोलीभाषेतील शब्द अशुद्ध समजून टाकून दिला, तर दोन हजार वर्षांचा दुवा तुटतो. याउलट रामायणाच्या आरंभी येणारा ‘क्रौंच’ म्हणजे नेमका कोणता पक्षी, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. कारण ग्रंथातील नाव आणि रानातील पाखरू यांची सांगड घालणारे माणूस मधल्या काळात उरले नाही. चितमपल्ली यांनी ही सांगड घालण्याचे काम जन्मभर केले. पंडिताला पाखरू दाखविणे आणि पाखरू ओळखणाऱ्याला त्याचे जुने नाव सांगणे, हे दोन्ही त्यांना साधत असे.

जेथे शब्द नव्हता तेथे त्यांनी तो घडविला. कावळ्यांच्या सामूहिक वसतीला ‘काकागार’ आणि बगळे-करकोच्यांच्या वीणवसतीला ‘सारंगागार’ हे त्यांनी रूढ केलेले शब्द पक्षिमित्रांच्या लेखनात आज सहज वापरले जातात. इंग्रजी संज्ञेचे अक्षरशः भाषांतर न करता संस्कृतच्या घडणीतून उच्चारायला सोपा मराठी शब्द तयार करणे ही त्यांची पद्धत होती.

त्यांनी जुने ग्रंथही मराठीत आणले. तेराव्या शतकातील हंसदेव या जैन पंडिताचा ‘मृगपक्षिशास्त्र’ हा पशुपक्ष्यांवरील संस्कृत ग्रंथ त्यांनी मराठी वाचकांना उपलब्ध करून दिला. संस्कृत साहित्यातील पक्ष्यांवर त्यांनी ‘आनंददायी बगळे’ हे पुस्तक लिहिले. धनगोपाल मुखर्जी यांची मूळ इंग्रजीतील, १९२८ साली न्यूबेरी पदक मिळविणारी कबुतराची कथा ‘चित्रग्रीव’ या नावाने त्यांनी मराठीत आणली.

लोकज्ञान आणि विज्ञान

चितमपल्ली यांच्या लेखनाबद्दल एक आक्षेप वेळोवेळी घेतला गेला. प्रत्यक्ष निरीक्षण, लोकांनी सांगितलेली हकीकत आणि दंतकथा यांच्या सीमा त्यांच्या लेखांत पुसट होतात, असा तो आक्षेप आहे. पशुपक्ष्यांची भाषा जाणणाऱ्या स्त्रीच्या लोककथेवरून त्यांनी ‘निळावंती’ हे पुस्तक लिहिले. या विषयाभोवती महाराष्ट्रात भीती व कुतूहल यांचे मोठे वलय आहे. अशा विषयाला हात घालणाऱ्या लेखकाकडे विज्ञाननिष्ठ वाचकाने साशंकतेने पाहावे, हे स्वाभाविक होते.

पावसाच्या अंदाजांचेही तसेच. कावळ्याने उन्हाळ्याच्या अखेरीस आंबा किंवा करंज यांसारख्या झाडावर घरटे केले तर पाऊस चांगला होतो आणि बाभळीसारख्या काटेरी झाडावर केले तर कमी होतो, हे लोकनिरीक्षण त्यांच्यामुळे वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचले. पावशाची साद आणि चातकाचे आगमन यांवरून शेतकरी पेरणीचा अंदाज बांधतो, हेही त्यांनी वारंवार लिहिले. यांतील चातकाची गोष्ट सहज पटते. हा पक्षी मोसमी वाऱ्यांच्या सुमारास मध्य भारतात येतो, ही पक्षिशास्त्राने मान्य केलेली बाब आहे. कावळ्याच्या घरट्यावरून पावसाचे मान ठरविता येते, असे मात्र हवामानशास्त्राने मान्य केलेले नाही.

या आक्षेपात तथ्य आहे. तरीही संग्राहकाच्या कामाचे मोल त्याने कमी होत नाही. लोकज्ञान खरे की खोटे हे तपासण्यापूर्वी ते नोंदलेले असावे लागते. ज्या पिढीकडे हे ज्ञान होते ती पिढी लिहिणारी नव्हती आणि लिहिणाऱ्या पिढीला तिच्याकडे जायला वेळ नव्हता. या दोहोंमध्ये चितमपल्ली उभे राहिले. त्यांनी जमविलेल्या साहित्यातील धान्य व फोल वेगळे करण्याचे काम पुढील अभ्यासकांचे आहे. त्यांनी जमविलेच नसते, तर पाखडायलाही काही उरले नसते.

सन्मान आणि उत्तरायुष्य

सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते त्यांच्या जन्मगावीच. तेलुगू मातृभाषा असलेला, वनखात्यात आयुष्य काढलेला आणि कोणत्याही साहित्यिक गटात न वावरलेला लेखक त्या व्यासपीठावर जाणे, हा निसर्गलेखनाला मिळालेला मान होता. राज्य शासनाचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कारही त्यांना लाभला.

निवृत्तीनंतर अनेक वर्षे त्यांचे वास्तव्य नागपुरात होते. अखेरच्या वर्षांत ते सोलापूरला परतले. महाराष्ट्र शासनाने २०२० साली ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला. त्याचा प्रारंभ होतो चितमपल्ली यांच्या जन्मदिनी आणि समारोप होतो ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनी. एक पक्ष्यांचा शास्त्रज्ञ, दुसरा पक्ष्यांच्या नावांचा राखणदार. दोघांच्या वाढदिवसांमध्ये बरोबर सात दिवसांचे अंतर असावे, हा योगायोग शासनाने नेमका टिपला.

तलाव बुजले, की केवळ पाणी जात नाही. त्या पाण्यावर उतरणाऱ्या पाखरांची नावे घेणारे लोकही काही वर्षांनी ती विसरतात. शहरातील मुलाला आज चिमणी, कावळा व कबुतर यांपलीकडे चौथे नाव सांगताना अडखळायला होते. ज्याला नाव नाही ते दिसत नाही आणि जे दिसत नाही ते नाहीसे झाल्याची खंतही कोणाला वाटत नाही. चितमपल्ली यांचे कोश या विस्मरणाच्या वाटेवर घातलेल्या बांधासारखे आहेत. कोहळ्यांनी बांधलेला नवेगावचा तलाव जसा तीन शतके पाणी धरून आहे, तसे हे ग्रंथ झाडीपट्टीतील अनाम जाणकारांचे शब्द धरून आहेत.